पानशेतची एकच गोष्ट, पाच बांधण्या, पाच अंदाजपत्रकं

वेगळ्या बांधणीच्या माहितीपटाला कुणी पैसे देत नाही, ही तक्रार पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या आसपास नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. निवड समित्यांवर बसणारे बरेच जण स्वतः दिग्दर्शक, संकलक किंवा महोत्सवांसाठी फिल्म निवडणारे असतात. मुलाखत, निवेदन, जुना फोटो, पुन्हा मुलाखत या क्रमाचे प्रस्ताव वाचून तेच सगळ्यात आधी थकतात. त्यांचं घोडं दुसरीकडे अडतं. 'ही फिल्म सरळ रेषेत जाणार नाही, ती काव्यात्म असेल' एवढ्या वाक्यावरून पडद्यावर काय दिसणार ते कळत नाही, आणि पुढच्या पानावरचं अंदाजपत्रक मात्र अगदी सरळ रेषेतल्या फिल्मचं असतं.

बांधणी आणि अंदाजपत्रक हा एकच निर्णय आहे, फक्त तो दोन कागदांवर लिहावा लागतो. बांधणी बदलली की खर्च नुसता वाढत किंवा कमी होत नाही, तो एका खात्यातून उठून दुसऱ्या खात्यात जाऊन बसतो. हे दाखवण्यासाठी पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घराला माहीत असलेला एकच विषय घेऊ. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचं, काम पूर्ण न झालेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यानं त्याच दिवशी ब्रिटिश काळातलं खडकवासला धरण फोडलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. हा विषय पाच तऱ्हांनी बांधून पाहू.

त्याआधी तुलनेला नेहमीची बांधणी हिशेबात मांडू. पूर पाहिलेल्या वीस-बावीस जणांच्या मुलाखती, दोन-तीन अभियंते आणि इतिहासकार, जुने फोटो, नदीचे आजचे शॉट्स आणि निवेदन. यासाठी १२ ते १५ दिवसांचं शूटिंग, साधारण ३० तासांचं फुटेज आणि अडीच-तीन महिन्यांचं संकलन धरता येतं. अशा फिल्मचं अंदाजपत्रक अनेकांना तोंडपाठ असतं. गडबड तिथेच होते, कारण बांधणी नवी येते आणि आकडे जुन्या फिल्मचेच राहतात.

कीर्तनासारखी बांधणी

निबंधपट, म्हणजे गोष्टीऐवजी विचारावर उभी असलेली फिल्म, म्हटलं की अनेकांना फ्रेंच नावं आठवतात. पण विचार आधी, गोष्ट नंतर ही रचना नारदीय कीर्तनात आपल्याकडे केव्हापासूनच आहे. पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचं निरूपण करतो. उत्तररंगात आख्यान लावतो, आणि आख्यान संपताना पूर्वरंगातल्या त्याच ओळीकडे परत येतो. ऐकणाऱ्याला ती ओळ आता वेगळी ऐकू येते, कारण मधे गोष्ट घडून गेलेली असते.

पानशेतच्या फिल्मला ही बांधणी लावायची तर पूर्वरंगातला अभंग म्हणजे एक प्रश्न: धरण कधी भरायचं, हे कोण ठरवतं? पहिली तीस-पस्तीस मिनिटं पूर दिसतच नाही. दिसतात ते नकाशे, कालव्याचे दरवाजे, पाण्याची पातळी लिहिलेल्या वह्या, आज खडकवासल्यातून विसर्ग सुरू होण्याआधी वाजणारा भोंगा. १२ जुलै येतो तो उत्तररंगात. प्रेक्षक ज्याची वाट पाहतो ती गोष्ट अर्धी फिल्म लांबवल्यामुळे ती येते तेव्हा प्रेक्षकाच्या हातात प्रश्न तयार असतो.

या बांधणीत शूटिंगचे दिवस कमी होतात. खर्च सरकतो तो लेखनाकडे. निवेदन इथे फोटोंमधली फट बुजवण्यासाठी नसतं, फिल्मच त्यावर उभी असते. म्हणून लेखकाला सुरुवातीच्या एका महिन्यापुरतं न बांधता संकलनाच्या पूर्ण काळात, आठवड्याचे दोन-तीन दिवस, संकलकाशेजारी बसवायचं धरावं. आवाज निदान तीनदा ध्वनिमुद्रित होतो. पहिला कच्चा, मोबाइलवर घेतलेला, संकलनाच्या टाइमलाइनवर टाकून लांबी कळण्यासाठी. दुसरा रफ कटनंतर, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी झाल्यावर, तिसरा स्टुडिओत. शब्दांचा हिशेबही आधी करावा. शांत मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांनी जातं. ७० मिनिटांच्या फिल्मचा एक तृतीयांश भाग बोलका धरला तर जेमतेम २,५०० शब्द हातात येतात. पहिले मसुदे सर्रास याच्या दुप्पट असतात, आणि मग चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही. निबंधपट कोसळतात ते मुख्यतः यामुळेच.

फक्त जुन्या चित्रफितींतून

दुसरी बांधणी: आजचा एकही शॉट नाही. फोटो, न्यूजरील म्हणजे तेव्हाचे बातमीपट, घरगुती फिल्म, वर्तमानपत्रांची पानं, चौकशीचे कागद. कॅमेऱ्याचं भाडं शून्य, म्हणून ही फिल्म स्वस्त, असा समज असतो. प्रत्यक्षात पाचांमध्ये सर्वांत किचकट अंदाजपत्रक हिचंच, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला खर्च शोधाचा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, हे इथल्या माणसाचं मोठं भाग्य. १९४८ मध्ये सुरू झालेल्या, माहितीपट करणाऱ्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा साठा आणि हे संग्रहालय आता दोन्ही एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहेत. पण कॅटलॉगमध्ये नाव सापडणं, ती प्रत पाहायला मिळणं, तिची वापरता येईल अशी डिजिटल प्रत मिळणं आणि वापराची लेखी परवानगी मिळणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, चार वेगळे अर्ज आहेत, आणि प्रत्येकीला वेळ लागतो. फक्त याच कामासाठी एक संशोधक पाच-सहा महिने लागणार असं धरूनच वेळापत्रक आखावं.

दुसरा खर्च हक्कांचा. इथे एक चूक फार पसरलेली आहे: '६० वर्षं झाली, म्हणजे मोकळं.' चलच्चित्राला आणि ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं, त्यामुळे १९६१ मध्ये प्रदर्शित झालेल्या न्यूजरीलचा कॉपीराइट २०२१ अखेर संपला. तरी प्रत ज्याच्या ताब्यात आहे तो प्रतीचं शुल्क घेतोच. फोटोचं गणित मात्र वेगळं आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोला छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. म्हणजे पुराचा एखादा फोटो १९६१ च्या वर्तमानपत्रात छापलेला असला आणि छायाचित्रकार १९९० मध्ये गेला असला, तर तो फोटो २०५० पर्यंत संरक्षित आहे. छायाचित्रकार पगारी असला तरी, वेगळा करार नसेल तर, वर्तमानपत्राच्या मालकाकडे फक्त वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्याचा हक्क असतो; बाकीचे हक्क, मुक्त काम करणाऱ्यासारखेच, छायाचित्रकाराच्या वारसांकडे. कुणाच्या माळ्यावर सापडलेली घरगुती फिल्म कधी प्रसिद्धच झालेली नसते, त्यामुळे तिची ६० वर्षं मोजायला सुरुवातही झालेली नसते. त्या घरातल्या सर्व वारसांची सही घ्यावी, एकट्या थोरल्या मुलाची पुरत नाही.

गाणं असेल तर परवानग्या दोन लागतात, ध्वनिमुद्रणाची वेगळी आणि शब्द व चालीची वेगळी. ध्वनिमुद्रण मोकळं झालेलं असलं तरी गीतकार आणि संगीतकाराच्या निधनानंतरची ६० वर्षं बाकी असू शकतात. रेडिओवर मागे सहज वाजणारं गाणंसुद्धा यातून सुटत नाही.

तिसरा खर्च तांत्रिक. घरगुती कॅमेऱ्यांची सुपर ८ ही फिल्म १९६१ मध्ये बाजारात आलेली नव्हती, ती १९६५ ची. म्हणजे पुराच्या काळातली घरगुती फिल्म साध्या ८ मिमीची असणार. तिचं एक रीळ ५० फुटांचं, सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगानं जेमतेम चार मिनिटं चालणारं. स्कॅन करताना ती फ्रेममागून फ्रेम स्कॅन करून घ्यावी आणि वेग नंतर टाइमलाइनवर १६ चा ठेवावा. थेट २५ फ्रेमवर टाकली की पुरातून जीव वाचवणारी माणसं मूकपटातल्या विनोदी पात्रांसारखी तुरुतुरु पळताना दिसतात, आणि त्या माणसांवर तो अन्याय आहे. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर रीळ प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नये. ते आकसलेलं असतं, दातेरी चाकावर फाटतं. छापील फोटो सहा इंच रुंदीचा असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ३,६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ४के पडद्याला जवळजवळ पुरेसे. फोटोच्या आत कॅमेरा सरकवायचा असेल तर १,२०० वर स्कॅन करा, आणि हे पहिल्याच भेटीत करा. अल्बम दुसऱ्यांदा मागायला गेल्यावर घरचे नाराज होतात.

चौथा खर्च ध्वनीचा. असलं बहुतेक साहित्य मुकं असतं. पाण्याचा घोष, पत्र्यांचा आवाज, माणसांच्या हाका हे सगळं नव्यानं रचावं लागतं. ध्वनिरचनेला या बांधणीत नेहमीच्या दुप्पट दिवस द्यावेत, आणि रचलेला आवाज खऱ्या ध्वनिमुद्रणासारखा भासवायचा की नाही, याचा निर्णय प्रस्तावातच लिहावा. समितीतला अनुभवी माणूस हा प्रश्न हमखास विचारतो.

एक जागा, आजचा काळ

तिसरी बांधणी पुराकडे वळून पाहतच नाही. पुरानंतर विस्थापितांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली एक, समजा गोखलेनगरमधली एक गल्ली, आणि तिच्यातला एक पावसाळा. मुलाखत नाही, निवेदन नाही. १९६१ हे साल कुणाच्या तरी तोंडून, घराच्या कागदपत्रांवरच्या वादात, ओघात येतं.

समजा ६० दिवस शूटिंग, रोज तीन तासांचं फुटेज, म्हणजे १८० तास. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के फाइलला तासाला ४५ जीबी लागतात. एकूण आठ टेराबाइटच्या वर. तीन प्रती ठेवायच्या म्हणजे २४-२५ टेराबाइट, त्यातली एक प्रत दुसऱ्या घरात. नुसतं एकदा पाहायला दिवसाला सहा तास धरले तर ३० दिवस जातात, आणि त्या ३० दिवसांत एकही कट झालेला नसतो. अशा फिल्मचं संकलन सहा ते आठ महिने चालतं. प्रस्तावात मात्र तीन महिने लिहिलेले असतात, कारण शूटिंगचा खर्च डोळ्यांसमोर दिसतो आणि संकलनाचा दिसत नाही. फिल्म अर्धवट राहण्याचं पुण्यातलं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे: पैसे फुटेज गोळा करण्यात संपतात.

आणखी एक खर्च विसरला जातो, तो पोहोचण्याचा. कॅमेरा बाहेर काढण्याआधी गल्लीत महिना-दीड महिना नुसतं जाणं-येणं, चहा पिणं, गणपतीच्या वर्गणीला हातभार लावणं. हे काम आहे, त्याचे दिवस लिहा.

घडलेलं पुन्हा उभं करणं, आणि शहरभर पसरलेली गोष्ट

चौथ्या बांधणीत पूर पाहिलेली माणसं तो दिवस स्वतः पुन्हा करून दाखवतात. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. नट नाहीत, वेशभूषा नाही. शनिवार पेठेतून कुठे धावलो, कुठल्या जिन्यावर चढलो, हे त्याच वाटेवर चालत दाखवायचं. खर्च कॅमेऱ्याकडून तालमींकडे सरकतो. प्रत्येकाबरोबर चार-पाच बैठका, घरच्यांपैकी कुणीतरी सोबत, बोलताना त्रास झाला तर समुपदेशकाची सोय, आणि त्यांच्या वेळेचं मानधन. संमतीपत्र एकदा शूटिंगआधी आणि एकदा रफ कट दाखवल्यावर घ्यावं. इथे नेहमी चुकतं ते असं: दिग्दर्शक पहिल्याच भेटीत कॅमेरा लावतो, माणूस पाठ असलेली गोष्ट म्हणून टाकतो, आणि दुसऱ्यांदा तीच गोष्ट, त्याच शब्दांत. तालीम लागते ती पाठांतर मोडण्यासाठी.

पाचवी बांधणी पडद्यावरच मावत नाही. एका पडद्याऐवजी अनेक पडदे, किंवा लकडी पुलापासून ओंकारेश्वरापर्यंत चालत कानात ऐकायचे बारा आवाज. चित्रपटकार अमर कंवर यांची २००७ ची आठ पडद्यांची मांडणी हे या जातीचं भारतातलं ठळक काम. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच: फिल्म एकदा पूर्ण झाली की खर्च थांबतो, मांडणीचा थांबत नाही. सर्व्हर, प्रोजेक्टर, तुटलेली क्यूआर पाटी बदलणं, यासाठी तीन वर्षांची देखभाल अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. असे प्रस्ताव सिनेमाच्या निधीपेक्षा दृश्यकलेच्या निधीकडे जास्त चालतात.

वेगळी बांधणी म्हणजे चैन, असं मानणाऱ्यांसाठी एक आठवण. १९६० च्या दशकात प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव यांनी केलेले धाडसी प्रयोग फिल्म्स डिव्हिजनसारख्या सरकारी खात्याच्या पैशांवर झाले. सुखदेव यांच्या 'इंडिया ६७' या १९६७ च्या भारतदर्शनात निवेदनाचा एक शब्द नव्हता, आणि तेही निवेदन हीच ज्या खात्याची ओळख होती, तिथे. अलीकडचं उदाहरण तर घरचंच. एफटीआयआयमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांनी कल्पित पत्रं आणि विद्यार्थी आंदोलनाची खरी दृश्यं एकत्र गुंफून केलेल्या माहितीपटाला २०२१ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

कागदावर बांधणी कशी दिसावी

ट्रीटमेंट म्हणजे फिल्म पडद्यावर ज्या क्रमानं दिसेल त्या क्रमानं लिहिलेली तीन ते पाच पानं. त्यात विषयाचं महत्त्व सांगायचं नसतं, ते वेगळ्या कागदावर येतं. एक वाक्य असं असतं: 'हा माहितीपट स्मृती आणि विस्मृती यांच्यातील अवकाशाचा शोध घेईल.' याचं शूटिंग करता येत नाही, याला किती दिवस लागतील हेही सांगता येत नाही. आता हे पाहा: 'पहिली चार मिनिटं मुठेच्या कोरड्या पात्रात लावलेल्या गाड्या. स्थिर शॉट्स, कुणी बोलत नाही. पाचव्या मिनिटाला भोंगा. एक रखवालदार गाड्या हलवायला सांगत फिरतो. काही मालक येतात, काही येत नाहीत. त्याच्या आवाजावर पहिल्यांदा १९६१ चा एक फोटो येतो, पूर्ण पडदा, दहा सेकंद. फिल्मभर जुना फोटो फक्त भोंग्यानंतरच येईल, असा नियम आहे.' वाचणाऱ्याला फिल्म दिसली, आणि निर्मात्याला कळलं की भोंगा वाजण्याची वाट पाहायला पावसाळ्यातले निदान २० दिवस लागणार.

शेवटच्या वाक्यातला 'नियम' महत्त्वाचा. घटनांचा क्रम काढून घेतला की प्रेक्षकाला धरायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं: परत परत येणारी एक जागा, एक आवाज, एक माणूस, एक वस्तू. या खुंटीशिवाय वेगळी बांधणी उभी राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांत ही खुंटी दोनदा दिसली पाहिजे, म्हणजे प्रेक्षक नियम शिकतो. ७० मिनिटांत ती सहा-सात वेळा यावी आणि दर वेळी थोडी बदललेली असावी. भोंगा दर वेळी तसाच वाजला तर तिसऱ्या वेळी प्रेक्षक घड्याळ पाहतो. शेवटून दुसऱ्या वेळी नियम मोडावा: भोंगा वाजतो आणि फोटो येतच नाही.

तपासायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, भिंतीवर. कार्डाच्या वरच्या ओळीत काय दिसतं, खालच्या ओळीत या प्रसंगानंतर प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उरतो. खालची ओळ रिकामी असलेली कार्डं सलग तीन आली की तिथे फिल्म बसते, आणि ते ठिकाण बहुधा चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सापडतं. मग दोन कार्डांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर त्या जागी बांधणी नाही, नुसती रांग आहे.

रफ कट पाच-सात अशा लोकांना दाखवा ज्यांना विषय माहीत नाही. पुण्यात पानशेतसाठी असे लोक शोधायला थोडं हिंडावं लागेल, शहराबाहेरून आलेले विद्यार्थी उत्तम. 'आवडली का' विचारू नका. फिल्म कुणाची होती, कुठे वाट चुकली, भोंगा आठवतो का, हे तीन प्रश्न लिहून घ्या. एकाच जागी तिघे चुकले तर चूक फिल्मची.

पैसे कुठून, आणि कोणत्या अटींवर

निधी फिल्मच्या टप्प्यानुसार मिळतो: विकास, निर्मिती, संकलन, प्रसार. वेगळ्या बांधणीच्या फिल्मनं विकास निधीपासूनच सुरुवात करावी, कारण बांधणी खरंच उभी राहते का, हे दाखवणारा पाच ते आठ मिनिटांचा नमुना तिच्याकडे असावाच लागतो. नमुना म्हणजे ट्रेलर नव्हे. संगीत आणि झटपट कट लावलेला ट्रेलर संथ फिल्मबद्दल चुकीचं सांगतो. सलग एक-दोन प्रसंग, फिल्मच्याच गतीनं, खुंटी दिसेल असे.

देशात बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलासंशोधन आणि प्रयोगांना अनुदान देते आणि मराठीतून लिहिलेला प्रस्तावही पाठवता येतो. कोलकात्याच्या डॉकएज या माहितीपट मंचावर आधी प्रस्तावावर काम करून घेतात, मग तो निधी देणाऱ्यांपुढे मांडायला लावतात. ज्याला इंग्रजीत पिचिंगची सवय नाही त्यानं तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं. बाहेर अॅमस्टरडॅमच्या इडफा माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड, सनडान्स संस्थेचा माहितीपट निधी, बुसानचा एशियन सिनेमा फंड ही नावं वेगळ्या बांधणीला दार उघडं ठेवणारी आहेत. रकमा आणि मुदती दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

परदेशी रक्कम थेट बचत खात्यात घेण्याआधी परदेशी देणग्यांवरचा २०१० चा एफसीआरए कायदा सीएबरोबर बसून वाचा. देणगी किंवा अनुदान घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागू शकते. पूर्वी ओळखीच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात पैसे घेऊन पुढे दुसऱ्या संस्थेला देण्याची वाट होती. २०२० च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. व्यवसायाच्या ओघात दिलेल्या सेवेचा मोबदला म्हणून झालेला करार वेगळा धरला जातो, पण तो करार खरोखर सेवेचा आहे का, हे सही करण्याआधी तपासायचं असतं, सही झाल्यावर नाही.

हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, मागायचा विचार पुण्यात स्वाभाविकच येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि कला, संस्कृती व वारसा हे त्या यादीत आहे. पण ही रक्कम व्यक्तीला मिळत नाही. सीएसआर-१ नोंदणी असलेला ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफ्यासाठी न चालणारी कंपनी मधे लागते. कंपनीच्या मालाची जाहिरात साधणारं प्रायोजकत्व यात बसत नाही, त्यामुळे 'तुमचा लोगो मोठा दाखवू' हे आश्वासन देऊ नका. पुराच्या फोटोंचं स्कॅनिंग आणि जतन हा भाग वेगळा काढून सीएसआरकडे मागावा आणि सर्जनशील भाग कलानिधीकडे. ही विभागणी दोन्हीकडे पटते.

अंदाजपत्रक लिहिताना आधी दिवस, माणसं, तास, टेराबाइट लिहा, रुपये शेवटी. दर बदलतात, दिवस बदलत नाहीत, आणि समितीनं खर्च कमी करायला सांगितलं तर काय कापलं जातंय हे दिसतं. भाड्यावरचा जीएसटी, सबटायटल, वकील आणि सीएचं शुल्क, दिग्दर्शकाचं स्वतःचं मानधन या चार ओळी हमखास राहून जातात. शेवटची ओळ शून्य ठेवण्यात त्याग दिसत नाही. दीड वर्ष दिग्दर्शक जगणार कशावर, हा प्रश्नच समितीला पडतो. अडीअडचणीसाठी १० टक्के वेगळे ठेवा.

बहुतेक निधी हप्त्यांनी येतो: काही करारावर, काही रफ कटवर, उरलेला अंतिम प्रत दिल्यावर. हे हप्ते आपल्या बांधणीच्या खर्चाशी जुळतात का, ते करारापूर्वी महिन्यांच्या तक्त्यात मांडून पाहा. गल्लीतल्या फिल्मला सर्वाधिक पैसे संकलनाच्या मध्यावर लागतात, आणि रफ कटचा हप्ता तर रफ कट झाल्याशिवाय येत नाही. म्हणून मधला एक हप्ता 'शूटिंग पूर्ण' या टप्प्याला मागून घ्यावा. बहुतेक जण मागत नाहीत, मागितलं तर पुष्कळदा मिळतो.

जुन्या चित्रफितींच्या फिल्मचं उलट आहे. हक्कांचे पैसे शेवटी एकदम लागतात, कारण कोणता शॉट राहतो ते तेव्हाच कळतं. इथे हक्कधारकाशी सुरुवातीलाच दोन टप्प्यांचा लेखी करार करावा: आत्ता फक्त महोत्सवांपुरते हक्क, आणि पुढे दोन-तीन वर्षांत टीव्ही किंवा ओटीटीला फिल्म गेली तर सर्व माध्यमांचे हक्क आजच ठरलेल्या दरानं, सेकंदाच्या हिशेबानं. दर आज लिहून घेतला नाही तर फिल्मला पुरस्कार मिळाल्यावर तो वाढतो. करारात सेकंदांची किमान मर्यादाही पाहा. काही ठिकाणी दहा सेकंद वापरले तरी पूर्ण मिनिटाचे पैसे लागतात, आणि मग एका फितीतून सहा तुकडे घेणं सहा फितींतून एकेक घेण्यापेक्षा परवडतं. हे संकलकाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.